‘पोलिसांविरुद्ध तक्रार नाही’

रिमांडचं काम भराभर उरकतं. दुपारनंतर पोलिसांची गाडी कोर्टाच्या आवारात येते, आरोपी उतरवले जातात, एकेकाचं नाव पुकारलं जातं. तपास अधिकारी पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, किती दिवसांचा हवा ते सांगतो, आरोपीला वकील मिळालेला असेल तर तो विरोध करतो, आणि मधेच केव्हातरी न्यायदंडाधिकारी मान वर करून विचारतात: पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? उत्तर बहुतेक वेळा एका शब्दाचं असतं, कधी नुसती मान हलते. रोजनाम्यात एक ओळ पडते आणि पुढचं नाव पुकारलं जातं.

माणूस मुळात कसा आहे, या प्रश्नावर संतांनी, तत्त्वज्ञांनी भरपूर लिहून ठेवलंय. मला मात्र अलीकडे त्या प्रश्नाचं उत्तर या एका ओळीत शोधावंसं वाटतं. त्याला कारण परभणी.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं इथली माणसं हसत हसत सांगतात. त्यात थोडी फुशारकी असते आणि आपल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही याची थोडी सलही. डिसेंबर 2024 मध्ये मात्र देशाचं लक्ष परभणीकडे गेलं. 10 डिसेंबरला रेल्वे स्टेशनसमोरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यापुढे काचेत ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची एका माणसाने मोडतोड केली. 10 डिसेंबर हा जागतिक मानवी हक्क दिन. 1948 मध्ये याच तारखेला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी जाहीरनामा मंजूर केला होता. योगायोगच, पण विसरता न येणारा. जमलेल्या लोकांनी त्या माणसाला तिथेच मारलं आणि मग पोलिसांनी ताब्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी परभणी बंद होती. दगडफेक झाली, गाड्या जळल्या, जिल्हाधिकारी कार्यालयात तोडफोड झाली. त्यानंतर पोलीस वस्त्यांमध्ये शिरले. कोम्बिंग ऑपरेशन म्हणजे काय ते परभणीतल्या दलित वस्त्यांना त्या रात्री कळलं. दारं वाजली, माणसं उचलली गेली. पन्नासच्या आसपास लोक अटकेत गेले.

त्यात सोमनाथ व्यंकट सूर्यवंशी होता. वय 35, वडार समाजातला, परभणीत खोली घेऊन कायद्याचं शिक्षण घेणारा, आंबेडकरी चळवळीत वावरणारा. त्याला पोलीस कोठडी मिळाली. 14 डिसेंबरला न्यायालयीन कोठडी झाली आणि तो जिल्हा कारागृहात गेला. 15 डिसेंबरला सकाळी छातीत दुखू लागल्याचं सांगून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे तो मृत घोषित झाला. शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झालं. प्राथमिक अहवालात मृत्यूचं कारण लिहिलं होतं: अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. त्याच्या अंत्यविधीनंतर काही तासांतच परभणीतले आंबेडकरी चळवळीचे ज्येष्ठ कार्यकर्ते विजय वाकोडे हृदयविकाराच्या झटक्याने गेले.

20 डिसेंबरला नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सरकारची बाजू मांडली. न्यायालयीन चौकशी जाहीर केली, कुटुंबाला 10 लाख रुपयांची मदत जाहीर केली, एका पोलीस निरीक्षकाच्या निलंबनाची घोषणा केली. सोमनाथला श्वसनाचा आजार होता, सीसीटीव्हीत मारहाण दिसत नाही, असं ते म्हणाले. आणि त्यांच्या निवेदनात ती ओळ आली: न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा आपल्याला मारहाण झाली नाही, असं त्याने सांगितलं होतं.

कोठडीत नेमकं काय घडलं त्याचा निवाडा न्यायालय करेल. तो मी इथे करणार नाही. पण ‘तक्रार नाही’ या उत्तराबद्दल बोलता येतं, कारण ते एकट्या सोमनाथचं नाही. या राज्यात रोज कितीतरी माणसं ते देतात. त्यातल्या अनेकांना खरोखरच काही झालेलं नसतं. काहींना झालेलं असतं. दोघांचं उत्तर कागदावर अगदी सारखं दिसतं, आणि खरी अडचण तिथे आहे.

ज्यांनी आणलं ते पाठीशी उभे आहेत. इथून परत त्यांच्याच गाडीत बसायचंय. पीसीआर वाढला तर रात्र पुन्हा त्याच खोलीत. बाहेर आई, भाऊ ताटकळत असतात. त्यांनाही हेच पोलीस स्टेशन. समोर खुर्चीवर बसलेले साहेब आपले की त्यांचे, हे पहिल्यांदा कोर्ट बघणाऱ्याला समजत नाही. समजा कायदा शिकणारा असला आणि समजलं, तरी काय? जखमेपेक्षा पुढच्या रात्रीची भीती मोठी असते. अशा वेळी खरं सांगणारा माणूस शूर म्हणावा लागेल, पण न सांगणारा खोटारडा ठरत नाही. तो फक्त माणूस असतो.

मानवी हक्कांचं काम माणसाच्या चांगुलपणावरच्या विश्वासातून उभं राहिलं, असं आपण सभा-संमेलनांत ऐकतो. मला ते पटत नाही. त्या कामातली जी साधनं खरोखर चालतात, ती सगळी अविश्वासातून आलेली आहेत. अटकेनंतर 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करा. नातेवाइकांना कळवा. अटकेचा पंचनामा करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या. कोठडीत असताना दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी करा. संविधानाने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या डी. के. बसू निकालाने घालून दिलेल्या या अटींत माणुसकीचं एकही प्रवचन नाही. फक्त वेळ, तारीख, सही आणि अंगठा. कुलूपबंद खोलीत ज्याच्या हातात काठी आहे तो सज्जन असेलच असं धरून चालू नका आणि ज्याच्या हातात काही नाही तो शूर असेलच असंही धरू नका. या दोन गोष्टी मान्य केल्या की बाकीचं बरंचसं सुचत जातं.

हे शहाणपण जुनं आहे. 1854 मध्ये मद्रास इलाख्यात सरकारी नोकरांकडून होणाऱ्या छळाची चौकशी करायला इंग्रज सरकारला आयोग नेमावा लागला होता. 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 25 आलं: पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. आपल्याच पोलिसांवर इतका अविश्वास दाखवणारं सरकार, तेही परकं! पण त्यांना माणूस कळला होता. पोलिसांपुढे ‘होय, मी केलं’ म्हणणाऱ्यावर आपला कायदा दीडशे वर्षं विश्वास ठेवत नाही. तोच माणूस त्याच पोलिसांच्या गाडीतून येऊन, तेच पोलीस मागे उभे असताना ‘मला कुणी मारलं नाही’ म्हणाला की मात्र आपण ते वाक्य विधानसभेत वाचून दाखवतो. या विसंगतीवर कुणी बोललेलं माझ्या वाचनात नाही.

तो प्रश्न रिमांडच्या कामात आला कसा, तेही पाहण्यासारखं आहे. मुंबईतल्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगातल्या बायकांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. पंधरा कैदी बायकांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं त्यांना सांगितलं होतं. त्या पत्राचीच याचिका झाली आणि फेब्रुवारी 1983 मध्ये निकाल आला: आरोपी हजर केला की न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला कोठडीतल्या छळाबद्दल, वाईट वागणुकीबद्दल तक्रार आहे का ते विचारलंच पाहिजे, आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हे सांगितलं पाहिजे. म्हणजे ज्या बायकांना विचारणारं कुणी नव्हतं, त्या समोर बसून ऐकणाऱ्या एका बाईशी बोलल्या, म्हणून हा प्रश्न जन्माला आला. पुढे प्रश्न उरला आणि समोर बसून ऐकणं गळालं. दोन मिनिटांत, भरल्या कोर्टात, पोलिसांच्या देखत विचारलेल्या प्रश्नाला काय उत्तर येणार?

उलट उदाहरणही आहे. 1969 सालची उत्तर प्रदेशातल्या फत्तेपूर जिल्ह्यातली गोष्ट. ब्रिजलाल नावाच्या शेतकऱ्याने पोलिसाने लाच मागितल्याची तक्रार वरिष्ठांकडे केली. त्याला पकडून नेलं, आणि रिमांडसाठी आणलं तेव्हा तो कोर्टाच्या व्हरांड्यात पडून होता, उभं राहता येत नव्हतं. न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याच्या अंगावरच्या जखमा टिपून घेतल्या आणि त्या कशा झाल्या ते विचारलं. पोलिसांनी मारलं, असं तो म्हणाला. तो त्याच दिवशी मेला आणि त्याचं ते बोलणं मृत्युपूर्व जबानी ठरलं. 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी उच्च न्यायालयाने रद्द केलेली पोलिसांची शिक्षा पुन्हा लागू करताना जे लिहिलं, ते मनुष्यस्वभावाचं वर्णन म्हणूनही वाचावं: कोठडीत काय घडलं ते फक्त पोलीसच सांगू शकतात, आणि बंधुभावाने बांधलेले असल्यामुळे ते गप्प राहतात. कायदा बदलण्याचा विचार करा, असंही त्यांनी सुचवलं.

गप्प राहण्याचा अर्थ काय, हा प्रश्न महाराष्ट्राने त्याआधी एकदा फार महागात सोडवला होता. 26 मार्च 1972 ला त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं. उच्च न्यायालयाने म्हटलं, भीतीने निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणून पोलिसांना सोडलं. सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मोर्चे निघाले, 1983 मध्ये कायदा बदलला. पुरावा कायद्यात 114 ‘अ’ आलं: कोठडीत संबंध झाला हे सिद्ध असेल आणि बाई म्हणत असेल की माझी संमती नव्हती, तर न्यायालय तिचं म्हणणं गृहीत धरेल. पोलीस ठाण्यातल्या बाईचं गप्प राहणं म्हणजे ‘हो’ नव्हे, एवढं देशाला समजायला अकरा वर्षं लागली. कोठडीतल्या पुरुषाचं गप्प राहणं म्हणजे ‘तक्रार नाही’ नव्हे, हे अजून समजलेलं नाही.

परभणीला हा प्रश्न 2024 मध्ये पहिल्यांदा पडला नाही. ख्वाजा युनूस इथलाच. 27 वर्षांचा इंजिनिअर, दुबईत नोकरीला. 2 डिसेंबर 2002 च्या घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणी त्याला त्याच महिन्यात ‘पोटा’ या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. जानेवारी 2003 मध्ये पोलिसांनी सांगितलं, त्याला तपासासाठी औरंगाबादला नेत असताना पारनेरजवळ जीप दरीत गेली आणि तो पळाला. पळाल्याचा गुन्हाही नोंदवला गेला. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीआयडीने तपास केला आणि निष्कर्ष काढला की तो पळाला नव्हता, कोठडीतच मेला होता. त्याचा मृतदेह आजवर मिळालेला नाही. घाटकोपर खटल्यातले बाकीचे आरोपी 2005 मध्ये निर्दोष सुटले.

इथेही कुणीतरी बोललं होतं. एका सहआरोपीने, जो पेशाने डॉक्टर होता, सांगितलं की युनूसला पट्ट्याने मारताना आणि रक्ताची उलटी करताना आपण पाहिलं. स्वतः त्याच कोठडीत असलेला माणूस हे बोलतो, तेव्हा मनुष्यस्वभावाबद्दलची माझी सगळी वरची मांडणी जरा लंगडी पडते, हे कबूल करायला हवं. भीती सगळ्यांना गप्प करत नाही. कुणाला करेल आणि कुणाला नाही, याचा नियम मला तरी सापडलेला नाही.

युनूसची आई आसिया बेगम परभणीहून मुंबईच्या कोर्टाच्या चकरा मारत राहिली. सीआयडीने 14 पोलिसांची नावं घेतली होती; सरकारने खटल्याला मंजुरी दिली ती चौघांविरुद्ध. त्यातले एक सचिन वाझे 2004 मध्ये निलंबित झाले आणि जून 2020 मध्ये, खटला चालू असताना, पुन्हा नोकरीत घेतले गेले. 2012 मध्ये उच्च न्यायालयाने आईला एकूण 20 लाखांची भरपाई दिली. पहिल्या साक्षीदाराची, त्याच डॉक्टरची, साक्ष 2018 मध्ये सुरू झाली. तोवर पंधरा वर्षं झाली होती.

आता पोलिसांबद्दल. पहाटे कृषी विद्यापीठाच्या आसपासच्या रस्त्यांवर पोरं धावताना दिसतात. बहुतेकांची तयारी पोलीस भरतीची असते. बाप कोरडवाहू, कापूस-सोयाबीनच्या भावावर घर चालतं. भरती झाली तर घर सावरतं, बहिणीचं लग्न होतं. यातला कुणी माणसं मारायला भरती होत नाही. मग कोठडीत हे का घडतं? क्रौर्य हे उत्तर मला अपुरं वाटतं. क्रूर माणसं थोडी असतात. त्यांच्याभोवती उभे राहणारे, दार लावून घेणारे, स्टेशन डायरीत वेळ बदलून लिहिणारे, दुसऱ्या दिवशी ‘मी ड्युटीवर नव्हतो’ म्हणणारे जास्त असतात, आणि ते वाईट नसतात. जोडीदाराला उघडं पाडू नये, साहेबाचा शब्द मोडू नये, आपल्या लेकराबाळांचा घास घालवू नये. घरी आपण मुलांना हेच तर शिकवतो. चंद्रचूडांनी बंधुभाव म्हटलं ते उगीच नव्हे. कोठडीतलं गप्प राहणं आरोपीकडे भीतीतून येतं आणि पोलिसाकडे निष्ठेतून. 2001 ते 2020 या वीस वर्षांत देशात कोठडीतल्या 1,888 मृत्यूंची नोंद झाली. शिक्षा झालेले पोलीस 26. हे आकडे केवळ दुष्टपणाचे असू शकत नाहीत. इतकी दुष्ट माणसं कुठून आणणार?

आणि जमावाचं काय? 10 डिसेंबरला ज्याने प्रतिकृती फोडली, त्यालाही लोकांनी बदडलं होतं. तो मनोरुग्ण असल्याचं सरकारने सभागृहात सांगितलं. ते अनेकांना पटलं नाही. पटो न पटो, त्याला वकील मिळाला पाहिजे, त्याची तपासणी झाली पाहिजे, त्याला कोठडीत कुणी हात लावता कामा नये. परभणीत त्या आठवड्यात हे मोठ्याने म्हणणं अवघड होतं, पण संविधानाच्या बाजूने उभं राहायचं तर इथेही उभं राहावं लागतं. 11 तारखेला जळलेल्या गाड्यांचे मालकही कुणाचे शत्रू नव्हते.

सोमनाथच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. वडार म्हणजे दगड फोडणारी, माती वाहणारी जमात. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ती आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचं म्हणणं होतं की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात. मनुष्यस्वभावाबद्दलचा एवढा ठाम सिद्धांत दुसऱ्या कुठल्या कायद्यात मांडलेला नसेल. 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द झाला. पोलीस ठाण्यातल्या सवयी गॅझेटमध्ये छापून रद्द होत नाहीत. अशा समाजातला पोरगा वकील व्हायला निघाला होता.

त्याच्या आईने, विजयाबाईंनी, सरकारचे 10 लाख घेतले नाहीत. गरीब घरात दहा लाखांचं काय होऊ शकतं ते सगळ्यांना माहीत आहे. भरपाई घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. आसिया बेगमना मिळालेली रक्कम न्यायालयाने दिली होती, तिच्यामागे निकाल होता. सरकारने चौकशीआधीच पुढे केलेला धनादेश वेगळा. माणूस पैशापुढे झुकतो, हा स्वभावाचा नियम प्रशासनाने गृहीत धरला होता आणि तो इथे चुकला. 17 जानेवारी 2025 ला परभणीहून मुंबईकडे लाँग मार्च निघाला, तो नाशिकपर्यंत चालत गेला. कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांनीच चौकशी करावी, ही 2005 च्या दुरुस्तीने आलेली तरतूद इथे कामाला आली. त्या अहवालात पोलिसांना जबाबदार धरण्यात आलं आणि राज्य मानवी हक्क आयोगाने नोटिसा काढल्या. तरी गुन्हा नोंदला जाईना. विजयाबाई औरंगाबाद खंडपीठात गेल्या, प्रकाश आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. 4 जुलै 2025 ला न्यायमूर्ती विभा कंकणवाडी आणि संजय देशमुख यांनी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 30 जुलैला तिथे हरलं. मृत्यू झाल्यावर नुसती फिर्याद लिहून घ्यायला साडेसात महिने आणि देशातलं सर्वोच्च न्यायालय लागलं.

चंद्रचूडांच्या त्या सूचनेचं पुढे काय झालं? विधी आयोगाने 1985 मध्येच 113 वा अहवाल दिला. पुरावा कायद्यात 114 ‘ब’ घाला, असं त्यात म्हटलं होतं: पोलीस कोठडीत असताना माणसाला जखमा झाल्या तर त्या पोलिसांनी केल्या असं न्यायालय गृहीत धरू शकेल, मग पोलिसांनी उलट सिद्ध करावं. असं कलम असतं तर ‘तक्रार नाही’ या ओळीचं वजन आपोआप कमी झालं असतं. जखमाच बोलल्या असत्या. ते कलम कधी आलं नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण त्याला मान्यता दिली नाही. 2010 मध्ये लोकसभेने छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर केलं, ते पुढे बारगळलं.

मग संपूर्ण पुरावा कायदाच नव्याने लिहिला गेला. भारतीय साक्ष्य अधिनियम 1 जुलै 2024 ला लागू झाला. पोलिसांपुढच्या कबुलीजबाबाचं कलम 25 होतं, ते 23 झालं. 114 चं 119 झालं, 114 ‘अ’ चं 120 झालं. 114 ‘ब’ साठी जागा ठेवलेली नाही. परभणीतल्या स्टेशनसमोर काच फुटली ती त्यानंतर सव्वापाच महिन्यांनी.